जानेवारीत उभा राहणारा थेंब जुलैत का मुरतो? प्लाझ्मा लेप दिलेल्या लाकडाची दरवर्षीची तक्रार

हिवाळ्यात आंब्याच्या फळीवर पाण्याचा थेंब ठेवला की तो टपोरा उभा राहायचा. फळी तिरकी केली की घरंगळून जायचा. यंत्र तेच, रसायन तेच, वेळही तेवढीच, फळ्यासुद्धा एकाच ओंडक्याच्या. पण जुलै उजाडला की तोच थेंब पसरायचा आणि चार-पाच मिनिटांत लाकडावर नुसता काळसर डाग उरायचा. पहिल्या वर्षी आम्ही यंत्र उघडून बसलो. दुसऱ्या वर्षी रसायनाची बाटली बदलली. तिसऱ्या जुलैत पुन्हा तेच झालं तेव्हा कुठे डोक्यात आलं, की आमचं यंत्र बिघडत असेल तर ते दरवर्षी मृग नक्षत्र बघून कसं बिघडेल?

आमची जागा कोकणात आहे. प्रयोगशाळा लहान आहे, व्हॅक्यूम चेंबर जेमतेम वीस लिटरचं. लाकडावर प्लाझ्माने, म्हणजे विजेने पेटवलेल्या वायूने, जलविरोधी लेप देण्याचं काम बरेच जण पहिल्यांदा करताना अडतात, आणि बहुतेकांची अडचण याच दोन-तीन ठिकाणी असते. म्हणून आम्ही कुठे चुकलो आणि दोष कसा शोधला, ते सविस्तर लिहितो आहे.

आधी एक मोठा गैरसमज

थेंब पहिल्या क्षणापासूनच पसरत असेल, अगदी न हाताळलेल्या लाकडापेक्षाही झपाट्याने, तर पहिला प्रश्न हा विचारा: चेंबरमध्ये नेमका कोणता वायू आहे?

'प्लाझ्मा मारला की पाणी उडतं' असं समजून काही जण साध्या हवेचा प्लाझ्मा लाकडावर फिरवतात. त्याने उलट होतं. हवेतला ऑक्सिजन प्लाझ्मात फुटतो, लाकडाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त रासायनिक गट तयार करतो आणि हे गट पाण्याला ओढून घेतात. रंग, गोंद, पॉलिश नीट बसावं म्हणून हवेचा प्लाझ्मा वापरतात तो याचसाठी. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेने अंगोरा लोकरीवर हवेचाच प्लाझ्मा वापरला. तिथे हेतू तंतूंची पकड वाढवून सूत कातता यावं हा होता. आपल्याला पकड वाढवायची नाही, पाण्याची पकड सोडवायची आहे.

त्यासाठी लाकडावर नवीन पापुद्रा चढवावा लागतो. सगळ्यात सोयीचं रसायन म्हणजे हेक्झामिथिलडायसिलोक्झेन, बोलताना एचएमडीएसओ. या रेणूत सिलिकॉनचे दोन अणू, त्यांच्यामध्ये ऑक्सिजनचा एक, आणि प्रत्येक सिलिकॉनला तीन-तीन मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) चिकटलेले. प्लाझ्मात हा रेणू तुटतो, तुकडे लाकडावर पुन्हा जुळतात आणि सिलिकोन रबरासारखा अतिशय पातळ पापुद्रा बसतो. पाणी उडवण्याचं काम करतात ते मिथिल गट. ते शाबूत राहिले तरच थेंब उभा राहील. अमेरिकेत मॅडिसन इथल्या संशोधकांनी १९९९ साली याच रसायनाचा लाकडावरचा लेप प्रसिद्ध केला होता. म्हणजे पद्धत काही नवी नाही. फसतं ते बारकाव्यांत.

'काचेसारखा लेप जास्त टिकाऊ' म्हणून कोणी एचएमडीएसओबरोबर ऑक्सिजन सोडत असेल तर तो बंद करा. भरपूर ऑक्सिजन असला की मिथिल गट जळून जातात, मागे काचेसारखी सिलिका उरते. तिच्या टोकांवर सिलॅनॉल गट, म्हणजे सिलिकॉनला चिकटलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात आणि त्यांना पाणी आवडतं. एकाच रसायनापासून पाणी उडवणारा पापुद्राही बनतो आणि पाणी ओढणाराही. आमच्या जुलैच्या कोड्याची किल्ली याच वाक्यात होती. फक्त आम्ही ऑक्सिजन सोडत नव्हतो, त्यामुळे ती आम्हाला दिसली नाही.

साक्षीदार काच

दोष यंत्राचा की लाकडाचा, हे ठरवायला मला सापडलेली सर्वात चांगली पद्धत अगदी स्वस्त आहे: सूक्ष्मदर्शकाखाली वापरतात ती काचपट्टी. साबणाने, मग शुद्ध पाण्याने, शेवटी अल्कोहोलने धुऊन ती कोरडी करायची. स्वच्छ काचेवर थेंब पसरतो. लेप बरोबर बसला तर त्याच काचेवर स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी आतल्या बाजूने करते तो कोन, ९५ ते १०५ अंशांच्या आसपास येतो; कोन जितका मोठा, तितका थेंब उभा. काचेला छिद्रं नाहीत, रेषा नाहीत, तेल नाही, ओलावा नाही. म्हणून ती जे सांगते ते फक्त वायूबद्दल आणि प्लाझ्माबद्दल सांगते.

तीन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत चेंबरमध्ये फक्त काचपट्टी ठेवा. दुसऱ्यात काचपट्टी आणि शेजारी नीट वाळवलेलं लाकूड. तिसऱ्यात काचपट्टी आणि तुम्ही रोज वापरता तसंच, न वाळवलेलं लाकूड. बाकी काहीही बदलू नका.

एकट्या काचेवरही थेंब पसरला तर लाकडाला दोष देऊ नका. गळती, रसायनाचा प्रवाह, वीज, यांत कुठेतरी घोटाळा आहे. एकटी काच चांगली, वाळलेल्या लाकडाजवळची काचही चांगली, पण ओल्या लाकडाजवळची काच बिघडलेली, असं दिसलं तर लाकडातून निघणारी वाफ तुमचा पापुद्रा बिघडवते आहे. तिन्ही काचा चांगल्या आणि लाकूड मात्र पाणी पितं, असं असेल तर लेप ठीकच आहे, अडचण लाकडाच्या पृष्ठभागाची आहे.

आमच्याकडे जुलैत पहिल्या दोन काचा उत्तम आल्या. तिसरीवर थेंब ठेवला तर तो चपटा होऊन बसला. तीन वर्षं ज्या यंत्राला आम्ही बोल लावले, त्याची अर्ध्या दिवसात सुटका झाली. हा प्रयोग पहिल्याच वर्षी का केला नाही, याची मला अजून खंत आहे. तुम्ही तो आधी करा.

गळतीची शंका असेल तर रिकाम्या चेंबरचा व्हॅक्यूम घ्या, पंपाकडचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दाब मिनिटामिनिटाला टिपा. खरी गळती असेल तर दाब सरळ रेषेत चढत राहतो. भिंतींतून किंवा लाकडातून वाफ निघत असेल तर आधी भरभर चढतो आणि मग मंदावतो. प्लाझ्माच्या उजेडातले रंग वेगळे करून दाखवणारा छोटा वर्णपटमापक असेल तर काम आणखी सोपं आहे. आधी नुसता आरगॉनचा प्लाझ्मा पेटवा. ३३७ नॅनोमीटरवर नायट्रोजनची रेषा दिसली तर हवा आत येते आहे. ती नाही आणि ३०९ नॅनोमीटरजवळ हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोडीचा) पट्टा ठळक आहे, तर आत पाणी आहे. एचएमडीएसओ सोडण्यापूर्वीच हे बघायचं. नंतर रसायनातला हायड्रोजनही उजेड देऊ लागतो आणि गोंधळ होतो.

एक ग्रॅम पाण्याची किंमत

लाकूड हवेतल्या ओलाव्याशी जुळवून घेत असतं. ३० अंश सेल्सिअस तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडात कोरड्या वजनाच्या साधारण ६ टक्के पाणी राहतं. आर्द्रता ८० टक्क्यांवर गेली की ते पंधरा-सोळा टक्क्यांवर जातं, ९० टक्क्यांना वीसच्या आसपास. पावसाळ्यात दारं चौकटीत अडकतात, कपाटाचा खण ओढून निघत नाही, ते यामुळेच. कोकणात हे लहान मुलालाही माहीत असतं. आम्हालाही होतं. फक्त त्याचा व्हॅक्यूमशी संबंध आम्ही लावला नव्हता.

आता हिशोब बघा. पाच सेंटिमीटर चौरस आणि पाच मिलिमीटर जाडीचा आंब्याचा तुकडा कोरडा असताना साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो. ६ टक्क्यांना त्यात जवळपास अर्धा ग्रॅम पाणी, १८ टक्क्यांना १.३५ ग्रॅम. फरक एक ग्रॅमहूनही कमी, म्हणजे बोटाच्या टोकावर मावेल एवढा. पण ०.१ मिलिबार दाबाला एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १४ हजार लिटर जागा व्यापते. आमचं चेंबर वीस लिटरचं. तासाला दहा घनमीटर उपसणाऱ्या रोटरी पंपाला तेवढी वाफ काढायला जवळपास दीड तास लागेल, तोही लाकूड ती एकदम सोडेल असं धरलं तर. लाकूड तसं करत नाही. ते थोडी थोडी वाफ सोडत राहतं, लेप बसत असतानाही.

ती वाफ प्लाझ्मात फुटते. हायड्रॉक्सिल आणि ऑक्सिजन तयार होतात आणि ते थेट मिथिल गटांवर तुटून पडतात. आम्ही ऑक्सिजनची बाटली कधीच जोडली नव्हती, पण प्रत्येक जुलैत लाकडानेच ती जोडून दिली होती.

दाब मोजणारा गेजही इथे दिशाभूल करतो. तो एकूण दाब दाखवतो, त्यातला कोणाचा किती वाटा हे सांगत नाही. काट्यावर नेहमीचाच आकडा दिसतो, म्हणून आपण निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात त्यातला मोठा हिस्सा पाण्याच्या वाफेचा असतो आणि एचएमडीएसओचा वाटा तेवढ्याने घटलेला असतो. पंपाच्या तेलाकडे बघा. ते ताकासारखं पांढरट झालं असेल तर त्यात पाणी मिसळलं आहे. पंपाचा गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारी झडप) उघडून तो बराच वेळ चालवा, नाहीतर तेल बदला. आमचं तेल दुसऱ्या जुलैत पांढरं झालं होतं. आम्ही ते बदललं, आणि पांढरं का झालं हे विचारलंच नाही.

वाळवायचं, पण कसं

एकाच फळीतून एक जादा तुकडा कापून ठेवा. त्याचं वजन करा, १०३ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, पुन्हा वजन करा. किती पाणी गेलं त्याला कोरड्या वजनाने भागा, शंभराने गुणा. हा आकडा वहीत प्रत्येक फेरीपुढे लिहायचा. आमच्या वहीत तीन वर्षं वीज, दाब, वेळ, प्रवाह सगळं होतं. लाकडाच्या ओलाव्याचा रकाना नव्हता.

लेप द्यायच्या तुकड्यांना मात्र १०३ अंश दाखवू नका. जास्त उष्णतेने लाकडातली तेलं आणि राळ पृष्ठभागावर येतात, आणि लेप लाकडावर बसण्याऐवजी त्या तेलावर बसतो. ५० ते ६० अंशांवर रात्रभर ठेवणं मला योग्य वाटतं. नंतर सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात थंड होऊ द्या आणि डब्यातून थेट चेंबरमध्ये न्या. पावसाळ्यात टेबलावर ठेवून चहाला गेलात तर पृष्ठभागाने तोपर्यंत पुन्हा ओलावा घेतलेला असतो. लेप पृष्ठभागावरच बसायचा असल्यामुळे तोच ओलावा सर्वात वाईट.

चेंबरमध्ये तासभर तरी नुसता व्हॅक्यूम घ्या. मग आरगॉनचा प्लाझ्मा अर्धा-एक मिनिट. तो पृष्ठभाग साफ करतो आणि वर सांगितलेली हायड्रॉक्सिलची खूणही तपासता येते. ती विरळ झाली की एचएमडीएसओ. काम संपल्यावर लगेच हवा आत घेऊ नका. पापुद्र्यात काही बंध अजून उघडे असतात, हवेतला ऑक्सिजन त्यांना जाऊन चिकटतो. आरगॉन किंवा एचएमडीएसओची वाफ आणखी काही मिनिटं चालू ठेवा, प्लाझ्मा मात्र बंद.

लाकूड अगदी खडखडीत करण्याच्या मोहात मात्र पडू नका. पूर्ण कोरड्या लाकडावर लेप दिला आणि तो तुकडा पावसाळी हवेत आणून ठेवला, तर लाकूड फुगतं. साग कमी हलणारा म्हणून नावाजलेला, तरी ओला ते पूर्ण कोरडा या प्रवासात तो रेषेला आडवा, वाढीच्या वलयांच्या दिशेने ५.८ टक्के आकसतो, वलयांना छेदून जाणाऱ्या दिशेने २.५ टक्के. लांबीत जवळपास नाहीच. म्हणजे ओलाव्यात १२ टक्क्यांचा फरक पडला तरी पापुद्र्याला एका दिशेने दोन टक्क्यांहून जास्त ताण. काचेसारखा पापुद्रा हा ताण सोसत नाही, त्याला केसासारख्या चिरा जातात. मिथिलने भरलेला मऊ पापुद्रा बराच सोसतो. ऑक्सिजन टाळायला हे आणखी एक कारण.

थेंब उभा राहतो, मग मुरतो

आता दुसरी तक्रार. काच तिन्ही वेळा चांगली आली, लाकडावर थेंब पहिल्या क्षणी १२० अंशांचा दिसला, सगळे खूश झाले आणि पाच मिनिटांत तो गायब.

आधी हे बघा, की थेंब मुरला की वाळला? एक थेंब लाकडावर, तेवढाच एक लेप दिलेल्या काचेवर ठेवा, आणि दोन्हींवर ओल्या टिपकागदासह एक वाटी उपडी घाला. काचेवरचा तसाच राहिला आणि लाकडावरचा गेला तर तो मुरला. मोजायला महागडं यंत्र नसलं तरी चालतं. इन्शुलिनच्या शंभर एककी सिरिंजमध्ये एक एकक म्हणजे १० मायक्रोलिटर. मोबाइलला मॅक्रो भिंग लावा, मागे बटर पेपर आणि दिवा ठेवा, दहा मिनिटांचं चित्रण करा. थेंब लाकडाच्या रेषेच्या दिशेने लांबतो, म्हणून रेषेच्या समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून बघा. एकाच बाजूचा कोन सांगितला तर तो अर्धवट आहे.

पहिल्या क्षणाचा कोन लाकडाबाबत फसवतो. रॉबर्ट वेन्झेल यांनी १९३६ साली दाखवलं की खडबडीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो: पाणी उडवणारा आणखी उडवतो, ओढणारा आणखी ओढतो. कॅसी आणि बॅक्स्टर यांनी १९४४ साली पुढची पायरी मांडली, थेंब उंचवट्यांच्या टोकांवर बसतो आणि खाली हवा अडकते. आपल्याकडे त्याचा सर्वात जवळचा नमुना म्हणजे अळूचं पान. 'अळवावरचं पाणी' हा शब्दप्रयोग आपण क्षणभंगुर गोष्टीसाठी करतो, आणि थेंब तिथे टिकत नाही याचं कारणच हे, की पानावरच्या मेणाच्या बारीक खडबडीत थरावर त्याला पकड मिळत नाही.

लाकूड अळूच्या पानासारखं नाही. त्यात नळ्या आहेत. आंबा किंवा साग यांसारख्या झाडांच्या लाकडातल्या मोठ्या वाहिन्या शंभर ते दोनशे मायक्रोमीटर रुंद असतात, आपला पापुद्रा शंभर नॅनोमीटरच्या घरात. म्हणजे वाहिनीचं तोंड पापुद्र्याच्या जाडीच्या हजारपट किंवा त्याहून मोठं. पापुद्रा ते तोंड बुजवत नाही, फक्त काठाला आणि आत थोड्या खोलीपर्यंत लागतो. त्या पलीकडे लाकूड पूर्वीसारखंच तहानलेलं. एखादी चीर, एखादी उघडी वाहिनी, एवढं थेंबाला पुरतं. फळीचं करवतीने कापलेलं टोक तर सगळ्या नळ्यांची तोंडं उघडून बसलेलं असतं. तिथे प्लाझ्मा लेपावर विसंबू नका. टोकांना मेण किंवा जाडसर सीलर लावा आणि चाचणीतून ती वगळा.

पृष्ठभाग कसा तयार केला यावर इथे सगळं ठरतं. पॉलिश पेपरने घासलेल्या लाकडावर भुशाची अगदी बारीक पूड वाहिन्यांत आणि रेषांत बसते. लेप त्या पुडीवर बसतो. थेंब आला की पूड तरंगते, लेपासकट निघून जाते आणि खालचं नागडं लाकूड पाण्याला मिळतं. आमच्याकडे काम करणाऱ्या मिस्त्रींनी एकदा धारदार रंध्याने काढलेला तुकडा आणला आणि त्या दिवशीचे निकाल पाहून आम्ही घासणं सोडलं. रंधा मारता न येणारी वस्तू असेल तर बारीक पेपरने रेषेच्या दिशेनेच घासा, मऊ ब्रशने झाडा, मग हवेचा झोत द्या. तो झोत साध्या कॉम्प्रेसरचा असेल तर सोबत तेलाचे कण येतात. गाळणी लावा.

सागाबद्दल वेगळं सांगायलाच हवं

सागावर लेप दिला, थेंब सुंदर उभा राहिला, आम्ही नोंद केली. मग त्याच फळीचा न हाताळलेला तुकडा सहज बघितला तर त्यावरही थेंब जवळपास तसाच उभा! सागात नैसर्गिक रबर आणि तेलकट द्रव्यं मुळातच असतात. काही दिवस उघड्या हवेत राहिलेला सागाचा पृष्ठभाग स्वतःच पाणी झटकतो. म्हणजे आमचा लेप काय करत होता हे त्या आकड्यांतून कळतच नव्हतं.

म्हणून प्रत्येक फेरीबरोबर त्याच फळीचा, त्याच दिवशी रंधलेला, लेप न दिलेला तुकडा मोजा. हा नियम सगळ्या लाकडांना लागू आहे, सागाला तर नक्कीच. सागावर लेप टिकवायचा असेल तर रंधल्यावर ॲसिटोन किंवा अल्कोहोलने पुसा आणि त्याच दिवशी चेंबरमध्ये घाला. दोन दिवसांनी तेल पुन्हा वर आलेलं असतं. माझं मत विचाराल तर सुरुवात सागापासून करूच नका. आंबा किंवा पाइन घ्या, तिथे यश-अपयश स्वच्छ दिसतं.

चार-आठ दिवसांनी बिघडतं तेव्हा

पहिल्या दिवशी उत्तम आणि आठवड्याने खराब, याची कारणं बहुधा वरच्याच दोन गोष्टींत सापडतात. खालून तेल सरकून वर आलं, किंवा लाकूड फुगल्याने पापुद्रा तडकला. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीखालच्या भागात थेंब मुरू लागला तर लेपाची लाकडावर पकड नव्हती, म्हणजे पृष्ठभागाची सफाई आणि आरगॉनची पायरी पुन्हा बघायची. पट्टीने फरक पडला नाही तर तडे शोधा. सूक्ष्मदर्शक नसेल तर रंगीत पाण्याचा थेंब ठेवून पुसून काढा, रंग तड्यांच्या रेघांत अडकलेला दिसतो.

लेप दिलेला तुकडा बाहेर उन्हात ठेवणाऱ्यांसाठी एक स्पष्ट गोष्ट. हा पातळ पापुद्रा ऊन अडवत नाही. अतिनील किरण त्यातून आरपार जातात, लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन मोडतं आणि पापुद्रा ज्या थरावर उभा आहे तो थरच सैल होतो. बाहेरच्या दरवाजाला, बाकाला, होडीला नुसता प्लाझ्मा लेप पुरेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पाण्याची वाफही त्यातून जातेच. थेंब उडाला याचा अर्थ लाकूड फुगणार नाही असा नाही, फक्त पावसाचं पाणी लगेच आत शिरत नाही. घरातल्या वस्तू, वाद्यांचे भाग, जिथे लाकडाचा रंग आणि पोत जराही बदलू नये अशा जागा, तिथे मात्र या लेपासारखं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळत नाही.

उघड्या हवेतल्या दाबावर काम करणाऱ्यांना

जर्मनीतल्या गटिंगेनमध्ये लाकडावर वातावरणीय दाबाच्या प्लाझ्माचं बरंच काम झालं आहे आणि आपल्याकडेही व्हॅक्यूम परवडत नाही म्हणून अनेक जण दोन इलेक्ट्रोडांमध्ये काच किंवा सिरॅमिकची पाटी ठेवून काम करतात. त्यांची तक्रार वेगळी असते: लेप ठिपक्याठिपक्यांनी बसतो, मधूनच काळे डाग पडतात. इथेही आधी ओलावा तपासा. कोरडं लाकूड विजेला जवळपास पूर्ण अडवतं. ओलावा वाढत गेला की तो अडथळा लाखो पटींनी कमी होतो. मग ठिणग्या सगळीकडे सारख्या न पसरता ओलसर जागी एकवटतात आणि लाकूड करपतं. फळी किंचित वाकलेली असली तरी हेच होतं, कारण इलेक्ट्रोडमधलं अंतर एक-दोन मिलिमीटरच असतं. सरळ पट्टी लावून फळी तपासा, गाठी टाळा.

जिवाचं जपायचं ते

एचएमडीएसओ पेट्रोलसारखं पेट घेतं, थंड हवेतही त्याची वाफ पेटू शकते. बाटली प्लाझ्माच्या वीजपुरवठ्यापासून आणि हीटरपासून लांब ठेवा, पंपाचा धूर नळीने इमारतीबाहेर काढा. पंप उघड्या खोलीत सोडलेला मी पाहिला आहे. कृपया तसं करू नका. हवेच्या प्लाझ्मातून ओझोन निघतो. त्याचा तिखट वास आला म्हणजे तो आधीच छातीत गेला आहे, पंखा आणि धुराडं आधी सुरू करा.

फ्लोरिनचे वायू वापरले तर कोन जास्त मिळतो हे खरं. पण त्यांतून विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होऊ शकतो. कार्बन टेट्राफ्लोराइड वातावरणात हजारो वर्षं टिकतो. सल्फर हेक्झाफ्लोराइड तर शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजारपटींहून अधिक उष्णता अडवतो. लाकडाच्या तुकड्यावर थेंब दहा अंश जास्त उभा राहावा म्हणून हे वायू सोडायला माझं मन तयार होत नाही. लहान प्रयोगशाळेने तर त्या वाटेला जाऊच नये.

गेल्या जूनपासून आमच्या चेंबरच्या दाराला एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तीनच रकाने: आजची आर्द्रता, लाकडाचा ओलावा, साक्षीदार काचेचा कोन. लाकडाचा ओलावा आठ टक्क्यांच्या वर असेल तर त्या दिवशी प्लाझ्मा पेटवायचा नाही, तुकडे परत भट्टीत जातात. यंदाच्या जुलैत बाहेर मुसळधार पाऊस चालू असताना आंब्याच्या फळीवर ठेवलेला थेंब दहा मिनिटांचं चित्रण संपेपर्यंत उभा होता.